एलरी नाव ठेवावं का?

माझ्या भाचीला बाळ होणार आहे. मुलगा होवो की मुलगी, नाव ‘एलरी’ ठेवायचं असं तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या मनात आहे. एलरी हे नवऱ्याच्या आजीचं माहेरचं इंग्रजी आडनाव. आजी आता नाहीत. त्यांना भाऊ नव्हता, त्यामुळे त्या घराचं आडनाव त्यांच्याबरोबरच संपलं. ते पुन्हा कुणाच्या तरी तोंडी यावं, अशी नातवाची इच्छा आहे. भाचीनं सगळ्या नातेवाइकांना मत विचारलं आणि लगेच दोन तट पडले. ‘हे नाव आहे की आडनाव?’ असं विचारणारे एकीकडे आणि ‘किती गोड!’ म्हणणारे दुसरीकडे. मला तिनं वेगळं लिहिलं, ‘मावशी, तू इतकी वर्षं नावांचंच काम केलंस. तू नीट विचार करून सांग.’

नावांचं काम म्हणजे ग्रंथालयातलं तालिकीकरण. शीर्षकपृष्ठावरचं लेखकाचं नाव घ्यायचं, त्यात आडनाव कुठलं ते ठरवायचं, ते आधी लिहायचं, मग स्वल्पविराम, मग नाव. काम सोपं वाटतं, पण लेखकाचं पहिलं नावच आडनावासारखं असलं की हात थांबतो. हार्पर ली, कार्सन मॅकलर्स, फ्लॅनरी ओकॉनर. या तिघी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लेखिका, आणि तिघींनी आपल्या जन्मनावातलं मऊ, बायकी समजलं जाणारं पहिलं नाव मागे ठेवून दुसरं, आडनावासारखं नाव पुढे आणलं. हार्परचं पूर्ण नाव नेल हार्पर ली, कार्सन जन्मानं लूला कार्सन स्मिथ, आणि फ्लॅनरीचं नाव मेरी फ्लॅनरी. नुसतं मुखपृष्ठ पाहून या बाई आहेत हे ओळखू येत नाही. अशा नावांनी मला कामात वेळोवेळी थांबवलं, आणि थांबल्यामुळेच त्यांच्याबद्दल विचार करायची सवय लागली.

माझं मत आधीच सांगते. एलरी ठेवा. मुलगा झाला तर अधिकच आग्रहानं ठेवा. हे दुसरं वाक्य भाचीला चमत्कारिक वाटलं, कारण घरात ज्यांना नाव आवडलं त्यातल्या बऱ्याच जणांनी ‘मुलगी झाली तर छान आहे’ अशी पुस्ती जोडली होती. मी उलट का म्हणते, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

आडनाव उचलून पहिलं नाव म्हणून देणं ही इंग्रजी बोलणाऱ्यांची जुनी रीत. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या उमराव घराण्यांत ती दिसू लागते. लेडी जेन ग्रे, म्हणजे जी जेमतेम नऊ दिवस राणी होती, तिच्या नवऱ्याचं नाव गिल्डफर्ड डडली. दोघांचा १५५४ मध्ये शिरच्छेद झाला. यातलं ‘गिल्डफर्ड’ हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. त्याच काळातली दुसरी एक व्यक्ती म्हणजे डग्लस शेफील्ड. नावावरून कुणीही पुरुष समजेल, पण ही बाई. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारातली, हॉवर्ड घराण्यात जन्मलेली. डग्लस हे स्कॉटलंडमधल्या एका बड्या घराण्याचं आडनाव, आणि त्या काळात ते मुलींना देत होते. म्हणजे ‘आडनावाचं नाव आणि तेही मुलीला’ हे आजच्या आईबापांचं खूळ नाही. रीत जितकी जुनी, तितकंच तिचं हे रूपही जुनं.

तिच्याबद्दलची नाराजीही तितकीच जुनी आहे. विल्यम कॅम्डेन या इतिहासकारानं १६०५ साली छापलेल्या पुस्तकात नावांवर बरंच लिहिलंय. अलीकडे आपल्याकडे आडनावं पहिली नावं म्हणून देऊ लागले आहेत, ख्रिस्ती जगात इतरत्र असं होत नाही, आणि काहींना ते पसंत नाही, असं तो नोंदवतो. पुढे मात्र तो समजुतीनं बोलतो. यामागे धर्मपित्याची माया असावी, किंवा आपलं नाव पुढच्या पिढ्यांत चालत राहावं ही इच्छा असावी, असं त्याचं म्हणणं. भाचीच्या नवऱ्याला जे वाटतं ते नेमकं हेच आहे. चारशे वर्षं उलटून गेली तरी त्या इच्छेत काही फरक पडलेला नाही, हे मला फार हृद्य वाटतं.

आता खुद्द एलरीकडे येते, कारण हे नाव मला त्याच्या इतिहासामुळे जास्त आवडलं आहे. मूळ शब्द लॅटिन, अर्थ आनंदी, हसतमुख. त्यावरून हिलेरियस, आणि त्याचं इंग्रजीत हिलरी. चौथ्या शतकात पॉईतियेचा संत हिलरी होऊन गेला. ऑक्सफर्डमध्ये जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्राला अजून त्याच्या नावानं ‘हिलरी टर्म’ म्हणतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हे नाव पुरुषांनाही होतं आणि बायकांनाही होतं. बोलता बोलता त्याचं एलरी झालं, मग एलरीच्या वंशजांचं आडनाव एलरी झालं. एव्हरेस्टवर चढलेल्या एडमंड हिलरींचं आडनाव आणि हिलरी क्लिंटन यांचं नाव हे दोन्ही त्याच कुळातले. नावाचं आडनाव झालं आणि आडनावाचं पुन्हा नाव होतंय. ‘हे तर आडनाव आहे’ असं म्हणणाऱ्या आमच्या नातेवाइकांना मी एवढंच सांगितलं, की हे आडनाव आधी नावच होतं, आणि तेव्हाही ते दोघांचं होतं.

आडनावापासून नावाकडे हा परतीचा प्रवास एका घराण्यात तर अगदी पायरी पायरीनं दिसतो. विल्यम एलरी हे ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचे. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतले एक. सही करताना प्रत्येकाचा चेहरा कसा दिसतो ते पाहता यावं म्हणून आपण मुद्दाम चिटणिसाच्या शेजारी उभे राहिलो होतो, असं त्यांनी पुढे सांगितलं. ज्या कागदापायी फासावर जायची वेळ येऊ शकते, त्यावर सह्या होत असताना माणसांचे चेहरे पाहणारा हा गृहस्थ मला फार आवडतो. त्यांची मुलगी ल्यूसी एलरी लग्न होऊन चॅनिंग झाली. तिनं आपल्या मुलाचं नाव वडिलांवरून ठेवलं, विल्यम एलरी चॅनिंग. जन्म १७८०. हे पुढे मोठे धर्मोपदेशक झाले आणि १८३५ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलं. इथं एलरी मधल्या जागेवर आलं. मग त्यांच्या पुतण्यालाही तेच पूर्ण नाव मिळालं. काका आणि पुतण्या दोघेही विल्यम एलरी चॅनिंग, म्हणून पुतण्याला एलरी म्हणू लागले. एलरी चॅनिंग हा कवी, अमेरिकन लेखक थोरोचा जिवलग मित्र आणि त्याचा पहिला चरित्रकार.

तालिकीकरणात या काका-पुतण्यांनी मला चांगलंच थांबवून ठेवलं होतं. एकच नाव, एकच आडनाव, फरक जन्मसालाचा, १७८० आणि १८१७. नोंदीत साल नसलं की पुतण्याच्या कविता काकांच्या प्रवचनांत जाऊन बसतात. पण त्याच कामात मला ल्यूसी दिसली. कुठल्याही पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर ती नाही. तिच्या माहेरचं आडनाव मात्र पुढच्या दोन पिढ्यांत, मुलाच्या आणि नातवाच्या नावात आहे, आणि एकाला तर जग त्याच नावानं हाक मारत होतं. लग्नानंतर बाईचं जे आडनाव पुसलं जातं ते अशा वाटेनं परत येतं. आडनावाचं नाव करण्याच्या बाजूनं माझ्यापाशी दुसरा एकही मुद्दा नसता, तरी हा एक पुरला असता.

भाचीच्या सासरी हेच चाललंय. आजींच्या माहेरचं नाव त्यांच्या पणतूला किंवा पणतीला. ते दर वेळी हाक मारताना घेतलं जाईल. फोटोखाली लिहिलेल्या नावाला ही सर नाही.

पुढे एलरी नाव गाजलं ते रहस्यकथांमुळे. ‘एलरी क्वीन’ या नावानं १९२९ पासून कथा-कादंबऱ्या येऊ लागल्या. हा लेखक म्हणून कुणी एक माणूस नव्हता. फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे मावसभाऊ की मामेभाऊ याच्या खोलात मी जात नाही, पण नात्यातले भाऊ, दोघांचाही जन्म १९०५ चा. गंमत अशी की डॅने आणि ली हीसुद्धा त्यांनी नंतर घेतलेली नावं. आणि कथांमधल्या गुप्तहेराचंही नाव एलरी क्वीनच. आडनाव राणीचं, पहिलं नाव आडनावाचं, आणि माणूस पक्का पुरुष. वाचकांना एकदाही गोंधळल्यासारखं झालं नाही. त्यामुळे ‘लोकांना कळायचं कसं, मुलगा की मुलगी?’ हा प्रश्न मला आला तेव्हा मी हेच उदाहरण दिलं. माणूस समोर आला की नाव त्याचं होऊन जातं.

आता मुलगा झाला तर अधिक आग्रहानं, असं मी का म्हणते ते.

इंग्रजीतल्या या नावांचा एक ठरलेला कल आहे. नाव आधी मुलांना देतात, मग काही आईबाप ते मुलींना देऊ लागतात, आणि मुलींत ते रुळलं की मुलांचे आईबाप ते सोडून देतात. उलटा प्रवास जवळजवळ कधीच होत नाही. शर्ली हे गावावरून आलेलं आडनाव, आपल्या ‘-कर’ लावलेल्या आडनावांच्या जातीचं. १८४९ मध्ये शार्लट ब्राँटीनं ते आपल्या नायिकेला दिलं, आणि कारणही कादंबरीतच सांगितलं: आईवडिलांना मुलगा हवा होता, मुलगी झाली, तर मुलाला जे घराण्याचं नाव दिलं असतं तेच तिला दिलं. वाचकांना ते तेव्हा पुरुषी वाटावं असाच हेतू होता. १९२८ मध्ये शर्ली टेंपल जन्मली, ती लहानपणीच पडद्यावर प्रसिद्ध झाली, आणि आज शर्ली नावाचा पुरुष भेटला तर आपण दचकू.

लेस्ली आणि अ‍ॅश्ली यांचंही हेच. १९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटात अ‍ॅश्ली विल्क्सची भूमिका लेस्ली हॉवर्डनं केली. एक पुरुष पात्र, एक पुरुष नट, दोघांची नावं स्कॉटिश आणि इंग्लिश आडनावांतून आलेली. विनोदी नट बॉब होप यांचं जन्मनाव लेस्ली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड जन्मले तेव्हा त्यांचंही नाव लेस्लीच होतं. आणि १९९१ आणि १९९२ या दोन्ही वर्षी अमेरिकेत जन्मलेल्या मुलींमध्ये सर्वांत जास्त ठेवलेलं नाव होतं अ‍ॅश्ली. आता त्या देशात कुणी मुलाला अ‍ॅश्ली ठेवायला धजावत नाही.

मला याचा मनापासून राग येतो. मुलींना ही नावं मिळाली याचा मुळीच नाही; त्यांचा तितकाच हक्क आहे. राग येतो तो मुलांचे आईबाप ती सोडून देतात याचा. मुलीनं मुलाचं नाव घेतलं तर तिचं काही बिघडत नाही, उलट धाडसी वाटतं. मुलीला दिलेलं नाव मुलाला लागलं तर मात्र त्याला कमीपणा येतो, असं मानणं हेच यामागे आहे. दुसरं कुठलं कारण मला तरी सापडलेलं नाही. म्हणून जी नावं खरोखर दोघांची आहेत ती दोघांकडेही राहावीत असं मला वाटतं, आणि ती तशी राहण्याचा उपाय एकच: मुलांनाही ती देत राहणं. एलरी आता मुलींना जास्त ठेवलं जाऊ लागलेलं दिसतं. एला, एली या लाडक्या नावांशी त्याचा आवाज जुळतो आणि मॅलरी, व्हॅलरीशी यमक जुळतं, हे त्याचं कारण असावं. म्हणजे तो उतार इथंही सुरू झालाय. माझ्या भाचीला मुलगा झाला आणि त्याचं नाव एलरी ठेवलं, तर तेवढ्यापुरता का होईना, तो उतार थांबेल.

‘दोघांचं एकच नाव असेल तर व्यवहारात पंचाईत होते,’ असं तिच्या एका काकांनी सांगितलं. होते, मान्य. लेखक एव्हलिन वॉ यांनी १९२८ मध्ये जिच्याशी लग्न केलं तिचंही नाव एव्हलिनच होतं, आणि मित्रमंडळी एकाला ‘तो एव्हलिन’ आणि दुसरीला ‘ती एव्हलिन’ म्हणत. पत्रावर श्री. लिहावं की श्रीमती, हा प्रश्नही पडतो. पण या अडचणी पत्र लिहिणाऱ्याच्या आहेत, आणि विचारलं की सुटतात. मी स्वतः नोंदी करताना लेखक पुरुष की स्त्री हे न कळताही शेकडो पुस्तकं व्यवस्थित लावली. पुस्तकाला त्यानं फरक पडत नाही.

या बाबतीत मला एक निकाल फार महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत भारतीय मुळं असलेल्या एका कुटुंबानं आपल्या मुलीचं नाव ‘किरण’ ठेवलं. नावावरून मुलगा की मुलगी ते समजत नाही, म्हणून स्पष्ट मुलीचं वाटेल असं आणखी एक नाव जोडा, असं नोंदणी अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं. प्रकरण थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयानं आईवडिलांच्या बाजूनं निकाल दिला. नावातून लिंग कळलंच पाहिजे अशी कायद्यात अट नाही, आणि मुलाच्या हिताला धक्का लागत नसेल तर आईवडिलांच्या निवडीला आडकाठी करता येणार नाही. किरण! किरण बेदी आणि किरण मोरे ही दोन्ही नावं ज्यांच्या कानांवरून सहज जातात, त्या आपल्याला यात वाद घालण्यासारखं काय आहे हेच कळणार नाही. शशी, किरण ही नावं उच्चारताना मराठी माणूस कधी अडखळत नाही. मग एलरीपाशीच का अडखळावं?

नावाच्या बाजूनं इतकं बोलल्यावर त्याच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात, कारण भाचीनं नीट विचार करून सांग म्हटलंय.

पहिली अडचण आवाजाची. इंग्रजीत एलरीचं यमक सेलरी या भाजीच्या नावाशी जुळतं. शाळेत कुणीतरी ते जुळवणारच. मला ही अडचण फार मोठी वाटत नाही. मुलं कुठल्याही नावाचं यमक जुळवतात, अगदी सर्वांत साध्या नावाचंही, आणि भाजीवरून केलेली थट्टा फार दिवस टिकत नाही. त्याहून त्रासाचं आहे ते ऐकण्यातलं घोटाळणं. फोनवर एलरी सांगितलं की समोरचा हिलरी किंवा व्हॅलरी ऐकणार. हे आयुष्यभर चालेल. ज्याला दर वेळी नाव पुन्हा सांगायचा कंटाळा येतो अशा स्वभावाच्या माणसाला ते जड जाईल, आणि बाळाचा स्वभाव काय असेल ते आधी कुणाला माहीत?

स्पेलिंगबद्दल मात्र मी हट्टी आहे. शेवटी वाय. भाचीच्या एका मैत्रिणीनं मुलगी झाली तर शेवटी आय-ई लावा, म्हणजे ‘मुलीसारखं’ दिसेल, असं सुचवलं. अजिबात नको. हे नाव आजींच्या माहेरचं म्हणून ठेवायचं आहे ना? मग त्या जसं लिहायच्या तसंच लिहा. एक अक्षर बदललं की ते आजींचं राहत नाही. शिवाय मुलाचं एक आणि मुलीचं एक असं वेगळं स्पेलिंग केलं, की नाव दोघांचं असण्याचा सगळा अर्थच निघून गेला.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावणारा वाटला. तो भाचीच्या नणंदेचा. अशी नावं बडेजाव करणारी वाटतात, मोठ्या घराण्याचा आव आणल्यासारखी, असं ती म्हणाली. यात तथ्य आहे. रीत उमरावांपासूनच आली, आणि आजही कुठलंतरी भारदस्त आडनाव केवळ भारदस्त वाटतं म्हणून मुलाला लावणारे पुष्कळ आहेत. ज्याच्याशी आपलं काही नातं नाही असं आडनाव घेताना दोनदा विचार करावा, या मताची मी आहे. आडनावाबरोबर माणसं येतात. अमेरिकेत कॅल्हून नावाचा एक राजकारणी होता, गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता. येल विद्यापीठातल्या एका वसतिगृहाला त्याचं नाव होतं, ते २०१७ मध्ये बदलून ग्रेस हॉपर या संगणकशास्त्रज्ञ बाईंचं दिलं. इमारतीचं नाव बदलता आलं. ज्या मुलाचं नाव आईबापांनी ऐकायला छान म्हणून कॅल्हून ठेवलं असेल, त्यानं काय करायचं? एलरीच्या बाबतीत मी म्हणूनच आधी शोध घेतला. सही करणारे विल्यम एलरी उतारवयात गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी काम करत होते, नातू चॅनिंग यांचं वर सांगितलंच. भाचीच्या सासरच्या एलरींचा या घराण्याशी काही संबंध आहे का, हे कुणी सांगू शकत नाही, आणि त्याची गरजही नाही. त्यांना त्यांच्या आजी पुरेशा आहेत.

नातं नसताना ठेवलेली आडनावं सगळीच वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. टेलर स्विफ्टचं नाव गायक जेम्स टेलर यांच्यावरून ठेवलं आहे. एका पुरुषाचं आडनाव मुलीला, आणि तेही आईवडिलांना त्याची गाणी आवडत म्हणून. यातही मायाच आहे. मला खटकतात ती ज्यांच्यामागे कुणीच नाही अशी नावं. मॅडिसनचं घ्या. १९८४ मध्ये ‘स्प्लॅश’ या चित्रपटातल्या जलपरीनं न्यूयॉर्कमधल्या रस्त्याची पाटी पाहून हे नाव घेतलं. तोवर मुलींत ते जवळजवळ नव्हतंच. २००१ पर्यंत ते मुलींच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. रस्त्याला ते नाव राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांच्यावरून होतं, पण एवढ्या सगळ्या मॅडिसनच्या आईवडिलांनी त्यांचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. नाव गोड आहे, एवढंच. ज्यांना तेवढं पुरतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण भाचीनं नुसतं गोड आहे म्हणून एलरी सुचवलं असतं, तर मी इतकं लिहिलं नसतं.

नाव आणि आडनाव एकमेकांशेजारी कसं ऐकू येतं, हेही मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. त्यांचं आडनाव छोटं, व्यंजनावर संपणारं आहे. तीन अक्षरी एलरीनंतर ते नीट बसतं. आडनाव ‘-ली’ किंवा ‘-री’वर संपणारं असतं तर मी नको म्हटलं असतं. आणि आडनाव नावासारखं, नाव आडनावासारखं असं झालं की कुठल्याही यादीत दोन्हींची अदलाबदल होते, हे मी पदरच्या अनुभवावरून सांगते. इथं ती भीती नाही.

एक गोष्ट मात्र मी भाचीला न विचारता सुचवली आहे. बाळाला मधलं नाव द्यायचं ठरलंय, आणि तिथं त्यांनी दोन-तीन लहानशी, सुटसुटीत नावं काढून ठेवली आहेत. मी म्हटलं, मधल्या जागी तुझं माहेरचं आडनाव घाल. ल्यूसी एलरीनं तेच केलं होतं. पणजीचं माहेर जपायचं म्हणून एवढा खटाटोप चाललाय, आणि ज्या आईच्या पोटातून मूल येणार तिचंच माहेर कुठं नाही, हे मला पटत नाही. यावर माझी बहीण म्हणाली, ‘अगं, ते तरी शेवटी माझ्या सासरचंच आडनाव.’ तिचं खरं आहे. आम्हा बहिणींचं माहेरचं आडनाव भाचीच्या कुठल्याच कागदावर नाही, आणि त्याही आधीची, आमच्या आईची, आजीची आडनावं तर आम्हाला आठवून सांगावी लागतात. प्रत्येक माहेर हे कुणाचं तरी सासर असतंच. तरीही कुठूनतरी सुरुवात करायची तर ती भाचीच्या नावापासून करावी, असं मी तिला कळवलं.

तिनं अजून हो-नाही काही म्हटलेलं नाही. एलरीनंतर तिचं माहेरचं ते लांबलचक आडनाव कसं ऐकू येतं, ते नवऱ्याला मोठ्यानं वाचायला लावते म्हणाली. त्याला आधी उच्चार नीट यायला हवा, म्हणून मी तिला ते मराठीत, अक्षरं सुटी करून लिहून पाठवलंय.